भाड्याच्या घरातील सामानाचा विमा: पूर आणि चोरी एकाच पॉलिसीत मिळतात का?

प्रश्न (चाळीसगाव)
आम्ही तितूर नदीजवळ तळमजल्यावर भाड्याने राहतो. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस तितूर आणि डोंगरी नद्यांना पूर आला, तेव्हा या गल्लीत पाणी शिरले होते, असे शेजारी सांगतात; म्हणून घरसामानाचा विमा प्रथमच काढण्याचा विचार आहे. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, कपाटे आणि पत्नीचे थोडे दागिने एवढा ऐवज आहे. लग्नसराईत आम्ही गावी गेलो की घराला कुलूप असते, त्यामुळे चोरीचीही धास्ती वाटते. घर मालकीचे नसताना विमा मिळतो का, आणि एजंट सुचवत असलेली ‘भारत गृह रक्षा’ पुरेशी आहे का?

उत्तर (जळगाव)
भाऊ, भाडेकरूला केवळ सामानाचा विमा घेता येतो. इमारतीची काळजी घरमालकाची. भारत गृह रक्षा ही विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून लागू केलेली प्रमाणित पॉलिसी आहे, त्यामुळे मूळ अटी सर्व कंपन्यांच्या सारख्याच असतात. आग, वीज पडणे, वादळ, पूर, भूकंप, दंगल हे सारे तिच्यात येते. सामानाची किंमत थोडी कमी लिहिली गेली, तरी त्या प्रमाणात दाव्याला कात्री लागत नाही, हा तिचा मोठा गुण आहे. मात्र एजंट जे सहसा सांगत नाहीत ते असे की, पूर किंवा आगीसारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली चोरीच तेवढी यात धरली जाते. कुलूप तोडून झालेल्या साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ते घेताना घर सलग किती दिवस बंद राहिलेले चालते, ही अट आधी वाचा, कारण तुमचा प्रश्न नेमका तिथेच अडेल.

उत्तर (धुळे)
वरील उत्तरात दागिन्यांचा उल्लेख राहिला. ते सामान्य सामानात येत नाहीत. मौल्यवान वस्तू म्हणून त्यांचा वेगळा, ठरलेल्या किमतीचा विमा उतरवावा लागतो. एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत आणि प्रत्येक नग एक लाखापर्यंत असल्यास मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, परंतु सोन्याचे सध्याचे भाव पाहता साधी मंगळपोतसुद्धा ही मर्यादा गाठू शकते, म्हणून सराफाकडून दाखला करून घेतलेला बरा. रोख रकमेला संरक्षण नाही. शॉर्टसर्किटने फ्रिज स्वतःच जळाला तर त्याची भरपाई मिळत नाही. त्या ठिणगीने शेजारचे कपाट पेटले, तर कपाटाची मिळते.

प्रश्नकर्ता
गावाकडचा कापूस भाव वाढेपर्यंत पुढच्या खोलीत ठेवलेला असतो. तो घरसामानात धरला जाईल का?

उत्तर (जळगाव)
तसे गृहीत धरू नका. विक्रीसाठी ठेवलेला शेतमाल म्हणजे घरगुती वापराची वस्तू नव्हे. खरी अडचण पुढे आहे: राहत्या खोलीत कापसाचा ढीग असताना प्रस्तावात (विमा घेताना भरायच्या अर्जात) केवळ ‘निवासी वापर’ लिहिले आणि आग त्या ढिगातूनच लागली, तर नुकसानीची पाहणी करायला येणारा सर्वेक्षक पहिला प्रश्न त्याचाच काढेल. म्हणून कापूस किती महिने आणि कोणत्या खोलीत असतो, हे प्रस्तावासोबत लेखी कळवा आणि कंपनीचे उत्तरही लेखीच घ्या. एजंटच्या तोंडी होकाराचा दाव्याच्या वेळी काहीही उपयोग होत नाही.