तीस दिवस ना पोळी, ना वरण, ना दूध: कोणी केलंय का?

तळ्याकाठची
काल ओट्याखालचे ड्रॉवर साफ करत होते. तळाला घातलेला कागद उचलला, तर जुलै २०१९ चं कालनिर्णयचं पान. मागे दुधाचा हिशोब. पुढे १ ते ११ लाल फुल्या, १२ ला मोठ्ठा गोल, १३ पासून पुन्हा फुल्या. मिनिटभर कळेना. मग आठवलं आणि एकटीच हसत बसले.

तेव्हा पोट इतकं फुगायचं की संध्याकाळी नाडी सैल करावी लागायची. तपासण्या सगळ्या चांगल्या. अमेरिकेतल्या चुलतबहिणीने ते होल थर्टी सांगितलं, तिकडे २००९ मध्ये सुरू झालेलं. तीस दिवस धान्य नाही, डाळी-कडधान्यं नाहीत, दूधदुभतं नाही, साखर-गूळ-मध नाही, दारू नाही (हे शेवटचं लगेच जमलं). तूप चालतं. एक घास चुकला की परत पहिला दिवस.

आमच्याकडे मासे-मटण नाही. मग राहिलं काय? भाज्या, नारळ, काजू आणि अंडी. सासूबाईंच्या ओट्यावर अंडं चढत नाही, म्हणून गॅलरीत इंडक्शन शेगडी आणि वेगळा तवा मांडला. पावसाची झड आली की एका हातात छत्री, दुसऱ्या हातात उलथनं.

१२ ला आषाढी. साबुदाणा कंदाचा, तो चालतो, म्हणून मी खूश. सासूबाईंना दहादा सांगितलं, दाण्याचं कूट नको, शेंगदाणा यांच्यात कडधान्यात धरतात. त्यांनी बिचारीने माझी खिचडी वेगळी केली, बिनकुटाची. फक्त परतली शेंगदाण्याच्या तेलात. चार घास गेल्यावर मला तेलाचा डबा दिसला. तो गोल त्याचा.

साखर सोडणं सोपं होतं हो. असल्या न दिसणाऱ्या गोष्टींनी जीव खाल्ला. तुमचंही लिहा.

उलथनं
छत्रीतलं ऑम्लेट 😂😂 वरच्या मजल्यावरून फोटो काढला नाही का कोणी?

रोहा_ते_नेरूळ
हिंग!! हिंगाची डबी वाचा. चोविसाव्या दिवशी चष्मा लावून वाचली तर गव्हाचं पीठ. चोवीस दिवस रोज फोडणीत मी गहूच खात होते. खडा हिंग आणून खलबत्त्यात कुटला, हात दोन दिवस वास मारत होता. परत पहिल्यापासून वगैरे काही केलं नाही मी. देवाला सांगितलं, चिमूटभर होता, माफ कर.

ऐरोली_लोकल
ऑफिसात डबा उघडला की रोज तोच प्रश्न, "आज कसला उपास?" बारा दिवस लाल भोपळा, दुधी, पडवळ. तेराव्या दिवशी एकाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना.

परत येताना ठाणे स्टेशनबाहेर वडे तळतायत. नाकाला रुमाल लावून गेलोय. खोटं नाही.

निवांत
म्हणजे तळ्याकाठच्या ताईंच्या तीस दिवसांत गटारीपण आली असणार.

तळ्याकाठची
@निवांत आली ना. आमच्याकडे गटारी म्हणजे आदल्या दिवशी कांदाभजी. तीही गेली, बेसन 😭

दिवाळ्याची_नात
आमाला काय कठीण नाय वाटलं 😀 मच्छी, नारल, कोकम. सोलकढी तर आपलीच. भात सुटला त्याचाच तरास झाला, बांगड्याचं कालवण वाटीतून पिताना रडायला येतंय.

बोंबलाला रवा नाय, तांदळाचं पीठ नाय. मग बोंबील उभा चिरायचा, मीठ लावून दोन फडक्यांत घालायचा, वर पाटा ठेवायचा. अर्ध्या तासात पानी निघतंय. मग हळद, मसाला, आगळ लावून खोबरेल तेलात. कडक होतंय. मी जूनमध्ये चालू केला हा सगला येडेपणा, मासेमारी बंद! सुकटीवर महिना काढला.

पाटा_वरवंटा
@दिवाळ्याची_नात सुकट भिजवायची की नुसती भाजायची?

दिवाळ्याची_नात
भाजायची, मग धुवायची. आधी धुतली तर चिवट होते. कांदा भरपूर टाक.

अर्धा_चहा
मी चौथ्या दिवशी सोडलं. चहा. बास, एवढंच लिहायचं होतं.

गहू_बंद
थोडं गंभीर लिहिते, माफ करा. भाच्याला सतत जुलाब, वजन वाढेना. बहिणीने नेटवर वाचून स्वतःच गहू बंद केला, महिन्यात मुलगा टवटवीत. मग डॉक्टरांकडे गेले तर ते म्हणाले, सिलिअॅकची, म्हणजे गव्हाने आतडं बिघडतं त्या आजाराची, रक्ततपासणी गहू खाण्यात असतानाच खरी येते. परत काही आठवडे मुद्दाम पोळ्या खाऊ घातल्या त्या पोराला, परत ते सगळं सहन केलं, मग तपासणी. निघालाच आजार. तुमच्याकडे पोटाचा त्रास असेल तर आधी तपासणी, मग बंद. लहान मुलांच्या बाबतीत तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय अजिबात नको.

तळ्याकाठची
हे बरं झालं लिहिलंत. माझी ती तपासणी आधीच झाली होती, लिहायचं राहिलं.

खारघर_टेकडी
माझं वेगळं होतं, मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या लोकांनी काढलेलं, लो फोडमॅप, म्हणजे पोटात आंबून गॅस करणारे पदार्थ काही आठवडे बंद. त्यात भात चालतो पण कांदा-लसूण बंद. पातीचा कांदा घ्यायचा, हिरवं ते चालतं, पांढरं नाही. शेजारच्या जैन काकूंनी सहा आठवडे सांभाळलं मला. आईला वाटलं पोरगा चातुर्मास पाळतोय, सगळ्या नातेवाइकांना सांगून बसली. अजून मावशी विचारते, यंदा करणार का रे?

रोहा_ते_नेरूळ
@खारघर_टेकडी कांदा-लसूण नाही म्हणजे हिंगावरच मदार असेल तुझी. डबी वाचलीस का 😛

खारघर_टेकडी
आत्ता उठून वाचली. मैदा. 🙏

पाटा_वरवंटा
लाकडी घाण्याचं खोबरेल वाशी-सानपाडा बाजूला कुठे मिळतं? व्यक्तिगत निरोप करा. सुकट केली, मस्त झाली, घर दोन दिवस उघडं ठेवलंय.

निवांत
ड्रॉवरमध्ये कालनिर्णय घालणारे अजून आहेत हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे २०११ चं आहे, हलवत नाही, खालचा पत्रा गंजलाय.

सुरणप्रेमी
ठाण्यात जांभळी नाक्यावर सकाळी सातच्या आत गेलं तर सुरण ताजा कापून देतात. आमसुलाच्या पाण्यात उकडा, खाज जाते. मग काप. रव्याशिवाय कुरकुरीत होत नाहीत असं बायको म्हणते, मी म्हणतो तूप कमी पडतं. बावीस वर्षं हाच वाद.

उलथनं
ताई, पण शेवटी निघालं काय त्यातून? फुल्या पूर्ण झाल्या का?

तळ्याकाठची
झाल्या, ११ ऑगस्टला. खरी गंमत पुढे होती. एकेक गोष्ट परत आणायची, एक दिवस खायची, मग दोन दिवस बंद ठेवून बघायचं. माझी पैज पोळीवर होती. पोळीने काही झालं नाही! वरणानेही नाही. कपभर दूध प्यायले आणि दोन तासांत पोट नगारा. दही चालतं, ताक चालतं, दूध नाही. सासूबाई म्हणाल्या, एवढ्यासाठी माझ्या तेलाला बोल लावलास? आता चहा कोराच घेते.

तवा अजून गॅलरीत आहे, आता नवरा वापरतो.

अर्धा_चहा
कोरा चहा म्हणजे शिक्षाच.

सुरणप्रेमी
इंडक्शनवर बिडाचा तवा चालतो का हो? काप करायचेत.

तळ्याकाठची
चालतो. घासू नका, उचलून ठेवा, काचेवर चरे पडतात. माझ्या शेगडीवर पडलेत. जाते, कुकर झालाय.