'अनअपोज्ड' म्हणजे 'एकमताने' नव्हे

'इलेक्टेड अनअपोज्ड' या इंग्रजी शब्दप्रयोगातील 'अनअपोज्ड' या क्रियाविशेषणासाठी मराठीत 'एकमताने' हा पर्याय कुणीतरी सुचवला आहे. तो मला पटत नाही. एकमतासाठी आधी मत नोंदवले जावे लागते; लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१च्या कलम ५३नुसार मात्र माघारीनंतर जागेइतकेच उमेदवार उरले, तर मतदान न घेताच त्यांना विजयी घोषित केले जाते आणि मग 'नोटा'चाही ('यापैकी कोणीही नाही' या पर्यायाचाही) प्रश्न उरत नाही. २०२४मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात हेच घडले. त्यामुळे 'बिनविरोध' हाच नेमका शब्द. त्यातून विरोधी उमेदवार नव्हता एवढेच कळते, सर्वांची संमती होती असे नाही.

आमच्या बेळगाव भागात कन्नडच्या सहवासाने 'अविरोध निवड' असेही सर्रास म्हणतात. कन्नडमध्ये 'अविरोधवागि' हे रीतसर क्रियाविशेषण आहे, मराठीत मात्र 'अविरोध' तसाच वापरला जातो, आणि तो मला मुळीच खटकत नाही. गंमत अशी, की याच बेळगावात १९९६च्या लोकसभा निवडणुकीत सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी मोठ्या संख्येने अर्ज भरले गेले आणि रिंगणात तब्बल ४५६ उमेदवार उतरले होते. तिथे 'अनअपोज्ड'ला कुठली जागा!