मिथेनपासून सिनगॅस: रोडियमचा नाद सोडा, निकेलच सुधारा

निकेलवाला:
मत आधीच सांगून टाकतो. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून सिनगॅस (कार्बन मोनॉक्साइड + हायड्रोजन) काढायचा, म्हणजे ड्राय रिफॉर्मिंग, तर कॅटलिस्ट (अभिक्रियेला वेग देणारा पदार्थ) म्हणून सगळा जोर निकेलवरच लावायला हवा. निकेलची तक्रार जुनी आहे, 800 डिग्रीला कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, वर कोक (कार्बनचा थर) बसतो, कार्बनचे धागे वाढून कण सपोर्टवरून (ज्या पदार्थावर कण बसवतात त्यावरून) उचलला जातो. पण 2020 मध्ये कोरियातल्या कैस्ट या विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठाच्या गटाने निकेल-मॉलिब्डेनमचे कण मॅग्नेशियम ऑक्साइडच्या अखंड स्फटिकांवर ठेवले, तर ते तापल्यावर सरकत जाऊन स्फटिकाच्या कडांवर बसले आणि तिथेच राहिले! 850 तास चाललं, कोक नाही. खरी मेख सपोर्टमध्ये आहे, धातू बदलून काय होणार?

ट्यूबमधला:
850 तास म्हणजे जेमतेम 35 दिवस. स्टीम रिफॉर्मरच्या (वाफ वापरून मिथेनपासून सिनगॅस करणाऱ्या भट्टीच्या) ट्यूबमध्ये भरलेला कॅटलिस्ट काही वर्षं चालावा लागतो, मध्येच बदलायचा तर अख्खा प्लांट बंद. शिवाय लॅबमधल्या बहुतेक टेस्ट साध्या वातावरणाच्या दाबाला असतात, आमच्याकडे 20-30 बार. दाब वाढला की रूपांतरण घसरतं आणि कार्बन मोनॉक्साइड तुटून कोक व्हायचा धोका वाढतो. दाबाखाली चालवलेला डेटा दाखवा, मग बोलू.

पर्यायी_मत:
रोडियम या महाग धातूवर अन्याय होतोय. त्यात कार्बन जवळपास विरघळतच नाही म्हणून धागे वाढत नाहीत, आणि टक्क्याहूनही कमी पुरतो. वापरलेल्या कॅटलिस्टमधून परतही काढता येतो, मग फक्त खरेदीची किंमत बघून नाही कसं म्हणता?

निकेलवाला:
@पर्यायी_मत किंमत बाजूला ठेवली तरी माल कुठून आणणार? रोडियम बहुतांश दक्षिण आफ्रिकेतून येतो, तोही प्लॅटिनमबरोबर निघेल तेवढाच, आणि त्यातला मोठा वाटा गाड्यांच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला जातो.

प्रेसमड:
तुम्ही सगळे शुद्ध गॅसवर भांडताय. आपल्या साखर कारखान्यांत प्रेसमडपासून (उसाचा रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळापासून) बायोगॅस निघतो त्यात मिथेन 50-60 टक्के आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ड्राय रिफॉर्मिंगचा कच्चा माल आयताच एकत्र, पण सोबत हायड्रोजन सल्फाइड (गंधकाचा वायू) येतो आणि तो थोडासा उरला तरी निकेल मरतं. गंधक सहन करणारा कॅटलिस्ट आधी करा, स्फटिकाच्या कडा नंतर.

निकेलवाला:
गंधक अगदीच शत्रू नाही. टॉप्सो या डॅनिश कंपनीच्या स्पार्ग नावाच्या रिफॉर्मिंग प्रोसेसमध्ये तो मुद्दाम थोडा सोडतात, कारण कोक धरायला निकेलच्या अणूंचा मोठा पुंजका लागतो, रिफॉर्मिंगला छोटा पुरतो, आणि गंधक मोठे पुंजके अडवून ठेवतो.

ट्यूबमधला:
हो, पण त्यात ॲक्टिव्हिटी खूप कमी होते, तेवढ्याच गॅसला जास्त कॅटलिस्ट लागतो. त्यापेक्षा फीडमध्ये (आत जाणाऱ्या गॅसमध्ये) थोडी वाफ सोडा. कोक कमी बसतो, आणि नुसत्या ड्राय रिफॉर्मिंगला हायड्रोजन-कार्बन मोनॉक्साइड 1 ला 1 मिळतात ते प्रमाण 2 कडे सरकतं, सिनगॅसपासून मिथेनॉल करायला तेच हवंय.

निकेलवाला:
वाफेला माझा विरोध नाही. ट्यूबमध्ये निकेलच भरा, एवढंच.