अनुभव धागा: खिशातली छोटी टॉर्च, पहिल्यांदा लावली तेव्हा

पाचपाखाडी
लेकीने परवा एक टॉर्च हातात ठेवली. "बाबा, ही कायम खिशात ठेवायची." माझ्या अंगठ्याहून थोडी लांब, वजन जाणवतच नाही, आत एए सेलच्या मापाचा एकच लिथियम सेल. गॅलरीत जाऊन बटण दाबलं आणि समोरच्या विंगच्या वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप, त्याचा गंजलेला जोड, सगळं स्वच्छ दिसलं. एवढ्याशा नळीतून एवढा उजेड निघतो हे पटायला मला जरा वेळ लागला.

आणि मग एकदम आमच्या बाबांची तीन सेलची बॅटरी आठवली. पत्र्याची, अंगावर उभ्या रेषा, पुढे रुंद डोकं. बाबा वागळे इस्टेटमध्ये कामाला होते. तिसरी पाळी असली की डब्याच्या पिशवीत बॅटरी जायची, कारण कंपनीपासून आमच्या चाळीपर्यंत रस्त्यावर दिवे फार तुरळक. आम्हा मुलांना हात लावायची परवानगी नव्हती, सेल महाग पडायचे. उजेड पिवळा पडला की आई सेल काढून गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायची, संध्याकाळी त्यांच्यात थोडा जीव आलेला असायचा. मागच्या झाकणात स्प्रिंगच्या पोकळीत एक जादा बल्ब ठेवायची सोय होती. बाबांनी एकदाच तो काढून दाखवला होता, कापसात गुंडाळलेला.

नव्या टॉर्चबद्दल सांगायचं तर दिपवणारा उजेड मी पहिल्या रात्री हौसेने मारून घेतला. आता रोज लागतो तो तिचा सगळ्यात कमी उजेड, एक ल्युमेनच्याही (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) आतला. रात्री उठलो तर हिची झोप मोडत नाही, माझे डोळे दिपत नाहीत, तांब्या आणि चष्मा बरोबर सापडतात. टॉर्च घेताना लोक जास्तीत जास्त किती ते विचारतात. कमीत कमी किती, हे आधी विचारायला हवं असं माझं ठाम मत झालंय.

तुमच्याकडे आहे का अशी? पहिल्यांदा लावल्यावर काय वाटलं? जुन्या बॅटऱ्यांच्या आठवणीही येऊ द्या.

मोगरा_ऐरोली
कापसात गुंडाळलेला बल्ब! आमच्याकडेही अस्साच. किती वर्षांनी आठवला.

घोडबंदरी
माझी किल्लीच्या जुडग्याला असते, एएए सेलवाली. आमची सोसायटी मानपाड्याला डोंगराच्या कुशीत, मागच्या भिंतीपलीकडे येऊरचं जंगल. पावसाळ्यात कचरा टाकायला गेले तरी आधी बॅटरी मारते. मागच्या पावसात वाटेवरच घोणस होती, जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. वॉचमनदादा मोबाइलचा लाइट लावून पुढे निघाले होते, त्या पसरट उजेडात त्यांना ती पाचोळाच वाटली. माझा झोत पडला तशी मी ओरडले, "काका थांबा!" फोनचा उजेड पायापुरता असतो, चार पावलं पुढचं दाखवायला झोत लागतो. वन विभागाच्या १९२६ ला फोन केला, मग सर्पमित्र आले.

सीवूड्स_सकाळ
बापरे. वॉचमनकाका ठीक ना?

घोडबंदरी
हो हो, अगदी ठीक. आता त्यांच्याकडेही टॉर्च आहे, सोसायटीने घेऊन दिली. सगळ्या गेटांवर.

पारसिक
घोणसपेक्षा मला मण्यारची जास्त भीती. रात्री फिरते, घरात शिरते, आणि चावा पुष्कळदा दुखतच नाही, त्यामुळे झोपलेल्या माणसाला कळत नाही. जमिनीवर गादी घालत असाल तर झोपायच्या आधी कोपऱ्यातून, पांघरुणाखालून एकदा झोत फिरवाच. आणि चावलं असं नुसतं वाटलं तरी सकाळची वाट न पाहता हॉस्पिटल गाठा. १०८.

महापे_मेंटेनन्स
टीटीसीमध्ये (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली एमआयडीसी) मेंटेनन्सला आहे, टॉर्च हे रोजचं हत्यार. जेवणाच्या सुट्टीत लिहितोय, त्यामुळे पटपट.

खोक्यावर ल्युमेन लिहितात तो एकूण उजेड. झोत किती लांब जाणार ते कँडेलावर, म्हणजे झोताच्या तीव्रतेवर ठरतं. हिशोब सोपा: कँडेलाचं वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. १०,००० कँडेला म्हणजे २०० मीटर. पण त्या टोकाला उजेड उरतो ०.२५ लक्स, निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. म्हणजे खोक्यावर २०० लिहिलं असेल तर कामाचं दिसणार त्याच्या बरंच अलीकडे.

दुसरं, छोट्या टॉर्चचा सगळ्यात मोठा आकडा फार वेळ टिकत नाही. एलईडीला दिलेल्या विजेतला मोठा भाग उष्णता होतो आणि एवढ्याशा ॲल्युमिनियमच्या नळीला ती बाहेर टाकायला जागा नसते. म्हणून मिनिटा-दोन मिनिटांत ती आपोआप खाली येते. बिघाड समजून परत करू नका. सलग किती उजेड देते तो आकडा बघून घ्या.

तिसरं मला सगळ्यात जवळचं. सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात. निळसर पांढऱ्या स्वस्त एलईडीत पॅनेलमधली तपकिरी वायर आणि लाल वायर ओळखताना घोटाळा होतो. ९० च्या वरचा सीआरआय आणि ४००० केल्विनच्या आसपासचा उबदार उजेड असेल तर फरक लगेच कळतो. मी चमक थोडी कमी घेईन पण सीआरआय सोडणार नाही.

पाचपाखाडी, तुमच्या बाबांच्या बॅटरीत तारेचा बल्ब होता ना? त्याचा सीआरआय जवळजवळ १००. उजेड पिवळा आणि थोडा असायचा, पण त्यात रंग खरे दिसायचे.

पाचपाखाडी
महापे, हे वाचून फार बरं वाटलं. बाबा वायंडरच होते. मोटरचं वायंडिंग त्या बॅटरीत बघायचे.

नौपाड्याची_आजी
नातू टाइप करून देतोय. १९७१ च्या डिसेंबरात ब्लॅकआउट होता तेव्हा मी नवी नवरी होते. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे रंगवलेले. बॅटरीच्या काचेवर आम्ही ब्राऊन पेपर लावला होता, मध्ये एक भोक, तेवढ्यातून काय उजेड येईल तो. भोंगा झाला की सासूबाई बॅटरी हातात घेऊन आम्हा सगळ्यांना जिन्याखाली बसवायच्या आणि त्या उजेडात माणसं मोजायच्या. तुम्ही म्हणता तो कमी उजेड आमच्याकडे कागदाने केलेला होता.

मोगरा_ऐरोली
आजी 🙏 अजून लिहा ना. त्या वेळचं ठाणं कसं होतं?

नौपाड्याची_आजी
(नातू) आजी झोपली. उद्या विचारून लिहितो.

मुलुंड_चेकनाका
२६ जुलै २००५. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पडला तो दिवस. विक्रोळीहून हायवेने ठाण्याकडे चालत निघालेलो. वीज नाही, कुठे गुडघ्याएवढं पाणी, कुठे कमरेएवढं. आमच्या फोनला तेव्हा फ्लॅश नव्हता, नेटवर्कही गेलेलं. आमच्या पुढे एक काका होते, हातात दोन सेलची साधी बॅटरी. ते पाण्यावर उजेड मारायचे, छत्रीच्या टोकाने खाली चाचपायचे आणि ओरडायचे, "डावीकडून या, इकडे खड्डा!" बघता बघता मागे लांबलचक रांग झाली, अनोळखी माणसं एकमेकांचे हात धरून. सेल उतरू नयेत म्हणून ते बॅटरी मध्ये मध्ये बंद करायचे, तेव्हा सगळी रांग उभी राहायची. कोपरीला आलो तोवर उजेड तांबडा झाला होता. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं.

आज माझ्या बॅगेत १८६५० सेलची (एएपेक्षा मोठा, चार्ज होणारा लिथियम सेल) आयपीएक्स८ टॉर्च आहे, पाण्यात पडली तरी चालते. पावसाळाभर बॅगेतून काढत नाही.

सीवूड्स_सकाळ
काटा आला अंगावर.

घोडबंदरी
माझे बाबाही त्या रात्री तसेच चालत आले होते. त्याच रांगेत असतील का हो?

मुलुंड_चेकनाका
असतीलही ताई. बाबांना विचारा, पुढे छत्रीवाले काका होते का.

वाशी_वॉर्ड
नर्स आहे. नाइटला पेनटॉर्च खिशात लागतेच, बाहुल्या तपासायला आणि झोपलेल्या पेशंटचं सलाइन बघायला. एक कळकळीची विनंती, या नव्या प्रखर टॉर्च कुणाच्या डोळ्यांत मारू नका. बाहुली बघायला मंद उजेड पुरतो. लहान मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नका, त्यांना आधी आत डोकावून बघायचं असतं. आणि तो भराभर लुकलुकणारा मोड घरात फिटचा त्रास असलेलं कुणी असेल तर वापरूच नका. घसा बघायला मात्र उबदार उजेड छान, लाली नीट कळते.
ड्यूटीला पळते.

दिवाळे_कोळीवाडा
तुमचं सगळं वाचून मला मुठे, म्हणजे शेतातले खेकडे आठवले 😄 पहिला जोराचा पाऊस झाला की वलगण चढायची, शेतात मासे. रात्री आम्ही पोरं आजोबांच्या मागे बत्ती घेऊन ओढ्याला. खेकड्यावर उजेड पडला की तो जागच्या जागी थिजतो, मग मागून अलगद धरायचा. बत्ती एकाने धरायची, टोपली दुसऱ्याने, पकडणार फक्त आजोबा. आता माझ्याकडे कपाळाला लावायची आहे, दोन्ही हात मोकळे. पहिल्यांदा लावली तेव्हा पहिला विचार हाच आला की आजोबांना ही मिळायला हवी होती.

मोगरा_ऐरोली
मुठ्यांचं कालवण!!! रेसिपी द्या.

दिवाळे_कोळीवाडा
नांग्या नि पाय कुटून रस गाळून घ्यायचा, तो कालवणात. भाजलेलं खोबरं-कांदा, आगरी मसाला, चिंच. बाकी बायकोला विचारून लिहितो, ती बाजारात गेलीय.

खारघर_टेकडी
यूव्ही टॉर्चचा अनुभव लिहितो. ३६५ नॅनोमीटरची छोटीशी घेतली. पांडवकड्याच्या बाजूला आमच्या ग्रुपबरोबर अंधार पडल्यावर दगडांवर मारली आणि विंचू हिरवट निळा चमकायला लागला! साध्या उजेडात तो दगडाचाच रंग. नुकती कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही, म्हणून दिसला नाही म्हणजे नाहीच असं धरू नका. आणि यूव्ही झोताकडे थेट बघायचं नाही. मला त्या रात्री झोप आली नाही इतका आनंद झाला होता.

काजवे बघायला जाणाऱ्यांनी मात्र टॉर्च आवरा. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडीला मेअखेर-जूनमध्ये गर्दी होते आणि लोक झाडांवर पांढरे झोत मारतात. काजव्यांचे नर लुकलुकून मादीला साद घालतात, आपल्या उजेडात ती साद बुडते. लाल मोड, तोही पायाशी, एवढंच.

पारसिक
काजव्यांबद्दल शंभर टक्के. बोर्डच लावायला हवेत.

कोपरखैरणे_सेक्टर
१२ ऑक्टोबर २०२० आठवतंय? सकाळी दहाच्या सुमाराला मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली, लोकल थांबल्या. दिवसाढवळ्या टॉर्च कशाला असं वाटेल, पण आमच्या जिन्याला खिडकीच नाही. लिफ्टमधून शेजारच्या आजींना काढलं आणि टॉर्च तिच्या चुंबकाने रेलिंगला चिकटवून ठेवली, प्रत्येक मजल्यावर एक. माणसं आपापल्या घरच्या आणून लावत गेली. तेव्हापासून चुंबकवालीच घेते.
गॅस बंद करून येते, दूध ठेवलंय.

नेरूळ_नवखा
मला घ्यायची आहे. १४५०० सेल आणि साधा एए एकच ना? माप तर सारखं दिसतं.

महापे_मेंटेनन्स
नाही नाही, थांबा! माप जवळजवळ सारखं, १४ मिमी व्यास, ५० मिमी लांबी. पण साधा सेल १.५ व्होल्टचा आणि १४५०० लिथियम ३.७ चा, पूर्ण चार्ज असेल तर ४.२. दोन्ही चालतात असं टॉर्चवर लिहिलं असेल तरच घाला, नाहीतर आतलं सर्किट जळेल. रिमोटमध्ये, घड्याळात तर कधीच नाही. आणि १८६५० वर ९९०० एमएएच (सेलची क्षमता) छापलेलं दिसलं की लांब राहा. चांगल्या कंपन्यांचे ३५०० च्या आसपास असतात.

नेरूळ_नवखा
खूप धन्यवाद दादा. मिळतील कुठे? ऑनलाइन भरवसा वाटत नाही.

महापे_मेंटेनन्स
लॅमिंग्टन रोडला जा, बिल मागा, वजन करून बघा. ४०-५० ग्रॅमच्या मधला असतो खरा १८६५०. फारच हलका लागला तर ठेवून द्या.

घोडबंदरी
साध्या टॉर्चमध्ये अल्कलाइन सेल ठेवून विसरू नका. गळतात आणि झाकण कायमचं चिकटतं. मी रिचार्जेबल निकेलवाले घालते.

सीवूड्स_सकाळ
बॅगेत दाबून आपोआप लागते त्याचं काय करायचं? परवा पर्स गरम झाली होती.

मुलुंड_चेकनाका
मागचं झाकण पाव फेरा सैल करा, बहुतेक टॉर्चमध्ये संपर्क तुटतो. हवी तेव्हा परत पिळायची. गरम झालेली तशीच ठेवू नका, कापड जळू शकतं.

सीवूड्स_सकाळ
जमलं! आणि विमानात? दिल्लीला जायचंय पुढच्या आठवड्यात.

मुलुंड_चेकनाका
हँडबॅगेत न्या. सुटे लिथियम सेल चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावून प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा.

दिवाळे_कोळीवाडा
@मोगरा ताई, बायको आली. ती म्हणते चिंच नको, कोकम. आणि वरून कच्च्या आंब्याची फोड.