लिंग फक्त गुणसूत्रंच ठरवतात? मग वोल्बाकियाचं काय करायचं?

पाकोळी: काल इथे एकांनी ठणकावून लिहिलं, "सगळ्या सजीवांत लिंग गुणसूत्रं ठरवतात, विषय संपला." अहो, माणसापुरतं बोला ना मग! हात लावला की गोळी होणारा पिलबग घ्या. त्याच्यात दोन्ही लिंग-गुणसूत्रं झेड, म्हणजे झेडझेड, असली की नर, पण पेशीत वोल्बाकिया नावाचा जिवाणू शिरला की नर घडवणारी ग्रंथीच नीट वाढत नाही आणि तोच झेडझेड मादी होऊन अंडी घालतो. हा जिवाणू पुढच्या पिढीत जातो तो अंड्यातून, शुक्राणूतून नाही, म्हणजे नर त्याच्या काहीच कामाचा नाही. आईकडून आलेल्या पेशीद्रव्याचाही स्वार्थ असतो, एवढंच म्हणतेय मी.

जुनाखोड: मीच लिहिलं होतं ते. संसर्ग झाला म्हणून नियम बदलतो का? ताप आलेला माणूस बघून शरीराचं तापमान १०३ असतं असं कोणी पुस्तकात छापत नाही.

पाकोळी: ताप नाही हो हा! मी ट्रायकोग्रामा वाढवायचे, गांधीलमाशीच्या जातकुळीतला इवलासा किडा. त्यात फलन न झालेल्या अंड्यातून नर निघायला हवा, आमच्याकडे महिनोन्‌महिने नुसत्या माद्या. गाईड म्हणाले तुझंच काहीतरी चुकतंय, मी रडलेय त्यावरून. हाही वोल्बाकियाचाच प्रताप. शेवटी मधातून टेट्रासायक्लिन हे जिवाणू मारणारं औषध दिलं आणि पुढच्या पिढ्यांत नर दिसायला लागले. पहिला दिसला तेव्हा ओरडलेच मी.

बियाणेवाला: जिवाणूंवरच काय अडकलात, पेशीद्रव्यातले मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, पण आईकडूनच येतात की. मक्याचं टेक्सास सायटोप्लाझम, म्हणजे त्या वाणाचं पेशीद्रव्य, आठवा, पराग वांझ, संकरित बियाणं करताना नर तुरे खुडायची मजुरी वाचते म्हणून जो तो तेच वापरायला लागला आणि १९७० मध्ये अमेरिकेत करप्याने साधारण १५ टक्के पीक खाल्लं. ज्या मायटोकॉन्ड्रियल जनुकाने पराग वांझ केला त्यानेच झाड रोगाच्या विषाला बळी पाडलं. तरी आमच्या क्षेत्रात अजून म्हणतात सायटोप्लाझम कुठलं का असेना, चालतं!

जुनाखोड: मका कुठून आला मध्येच? पराग वांझ होणं म्हणजे लिंग ठरणं नव्हे, विषय भरकटवू नका.

बियाणेवाला: नर काम बंद पडलं की मागे उरतं ते मादी झाड, मग ते काय म्हणायचं? रानटी थाइम या सुवासिक झुडपात अशी मादी झाडं निसर्गातच सापडतात, कोणी बियाणं बनवायला केलेली नाहीत. वाचून बोला जरा.

जुनाखोड: मला वाचायला शिकवू नका, वीस वर्षं शिकवलंय मी हे!

मधलीसुट्टी: पॅसिफिकमधल्या सामोआ बेटांवरचं हायपोलिम्नास बोलिना फुलपाखरू विसरलात दोघंही. तिथे वोल्बाकिया नर अंड्यातच मारायचा, २००१ मध्ये नर जेमतेम १ टक्का, २००६ पर्यंत ४० च्या आसपास, कारण फुलपाखराच्या स्वतःच्या जनुकांत त्याला रोखणारा बदल पसरला.

जुनाखोड: बघा, म्हणजे शेवटी गुणसूत्रंच जिंकली. आणि मारणं म्हणजे ठरवणं नव्हे.

पाकोळी: मारण्याचं मान्य. पण जिंकायला आधी लढावं लागलं ना? आणि पिलबगात तर वोल्बाकियाच्या जीनोमचा, म्हणजे त्याच्या सगळ्या डीएनएचा, मोठा तुकडा पिलबगाच्याच गुणसूत्रात जाऊन बसलाय आणि आता तोच मादी ठरवतो, जिवाणू नसला तरी. ते गुणसूत्र कोणाचं म्हणायचं?

जुनाखोड: ...बरं. 'सगळ्या' काढतो, 'बहुतेक' लिहितो. त्यापुढे एक अक्षर बदलणार नाही.

बियाणेवाला: आणि थाइमचं उत्तर?