पायरेट्स यंदा निम्म्याच्या वर जातील का?

शॅडीसाइडची_चिऊ:
गेल्या वर्षी नवऱ्याच्या नोकरीपायी पिट्सबर्गला आलो. मलाही इथेच काम मिळालं. मार्च लागल्यापासून ऑफिसात बेसबॉलशिवाय विषय नाही. माझ्या शेजारी बसणारा गृहस्थ रोज सकाळी कॉफी ओतता ओतता सांगतो की पायरेट्स यंदा 82 सामने जिंकणार, आणि जिंकले की तो अख्ख्या मजल्याला जेवण देणार. बाकीचे खो खो हसतात. हंगामात सामने 162. म्हणजे निम्म्यापेक्षा फक्त एक जास्त! एवढ्यासाठी जेवण? इथे जुने कोणी असतील तर सांगा, प्रकरण काय आहे? आणि वीस सामन्यांचं तिकीट पॅकेज घ्यावं का? नवरा हट्टाला पेटलाय. मला क्रिकेट बऱ्यापैकी कळतं, बेसबॉलमधलं फक्त होमरन कळतं.

अण्णा_पेनहिल्स:
चिऊ, अहो-जाहो करत नाही, माझ्या मुलापेक्षा फार मोठी नसशील.

त्या गृहस्थाला हसू नकोस. तो माझ्या पिढीचा असणार. मी इथे शिकायला आलो तेव्हा संघ जोरात होता. 1990, 91, 92 अशी सलग तीन वर्षं आपला गट जिंकलेला. 14 ऑक्टोबर 1992 ला लीगच्या अंतिम मालिकेचा अटलांटाविरुद्ध, त्यांच्याच मैदानावर निर्णायक सातवा सामना. शेवटच्या डावात आपण 2-0 ने पुढे. मग एकेक माणूस बेसवर चढत गेला, 2-1 झालं. दोन आउट झालेले, एकच हवा होता. फ्रान्सिस्को कॅब्रेरा नावाच्या, फारसं कोणाला माहीत नसलेल्या राखीव खेळाडूने डावीकडे चेंडू मारला. बरोबरीची धाव झाली, आणि तिच्यामागून सिड ब्रीम धावत सुटला. गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला, अत्यंत हळू पळणारा आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत आपलाच खेळाडू! आपल्या बॅरी बाँड्सचा थ्रो आला, ब्रीम केसभर आधी घसरत शेवटच्या बेसवर पोचला. 3-2. आमच्या खोलीत कोणीतरी टीव्ही बंद केला आणि कोणी काही बोललं नाही. त्या हिवाळ्यात बाँड्स सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला.

त्यानंतर 1993 पासून 2012 पर्यंत सलग वीस हंगाम हरलेल्या सामन्यांची संख्या जिंकलेल्यांपेक्षा जास्त. वीस! अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या व्यावसायिक खेळात एवढी लांब रांग कोणाची नाही. बेसबॉलमध्ये आधीचा विक्रम फिलाडेल्फियाचा, 1933 ते 48, सोळा वर्षांचा. तो आपण 2009 ला मोडला. माझा मुलगा 1993 चा. शाळा झाली, मिसरूड फुटली, कॉलेजला गेला, तरी आपला संघ निम्म्याच्या वर त्याने पाहिलाच नव्हता. गावातले फुटबॉलवाले स्टीलर्स आणि हॉकीवाले पेंग्विन्स करंडक आणत होते, आणि हा पोरगा पायरेट्सची टोपी घालून फिरायचा. शाळेत चिडवून घ्यायचा.

त्यातच 2008 च्या अखेरीस रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आले. उत्तर प्रदेशातली भालाफेक करणारी पोरं, टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडलेली, आणि करार कोणी केला तर पायरेट्सनी. बालाजीच्या देवळात चिंचभाताच्या रांगेत उभ्या असलेल्या मामी फास्टबॉलचा वेग विचारायला लागल्या होत्या. मुख्य संघापर्यंत दोघंही पोचले नाहीत, पण ती एक गंमत झाली.

खरं दुखणं ऑगस्टचं. 2012 ला ऑगस्टच्या सुरुवातीला 63 विजय, 47 पराभव. गाव वेडं झालं होतं. तिथून पुढच्या 52 सामन्यांत फक्त 16 जिंकले. शेवटी 79-83. त्यामुळे मे-जूनमध्ये कोणी छाती फुगवून बोलायला लागलं की आम्ही जुने लोक खिडकीबाहेर बघतो.

आणि मग 2013. नऊ सप्टेंबरच्या रात्री, टेक्सासमध्ये, आपला पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल विरुद्ध त्यांचा यू दार्विश, 1-0. तो 82 वा विजय. मुलाचा कॉलेजातून फोन आला. "बाबा, ब्याऐंशी!" एवढंच म्हणाला. त्या वर्षी 94 झाले, आपल्या अँड्र्यू मॅककचनला सर्वांत मौल्यवान खेळाडूचा किताब मिळाला, पण मला आठवतो तो ब्याऐंशीचा फोन. म्हणून सांगतो, तुझ्या सहकाऱ्याचं जेवण वाजवी आहे. एक ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेरीचा सामना आपल्या मैदानावर झाला. चाळीस हजार माणसं काळ्या कपड्यांत, सगळे मिळून त्यांच्या पिचरचं नाव लांबवून ओरडताहेत, "क्वे-टो, क्वे-टो". त्याच्या हातून चेंडू निसटून खाली पडला, आणि पुढच्याच चेंडूवर रसेल मार्टिनने होमरन हाणला. 6-2.

आता यंदाचं. तू पॉल स्कीन्सचं नाव ऐकलं असशील. 2025 ला त्याने साय यंग मिळवलं, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा मान. नऊ डावांमागे दोनपेक्षा कमी धावा द्यायचा, 1.97. आणि त्याच्या नावावर विजय किती? दहा. पराभव? तेही दहाच! कारण आपल्या बॅटी झोपलेल्या. गेल्या हंगामात सगळ्या संघांत सर्वांत कमी धावा आपल्या, होमरनही सर्वांत कमी. क्रिकेटमध्ये बुमराह प्रत्येक सामन्यात गोलंदाजी करेल. इथे सुरुवातीचा पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा येतो. उरलेल्या चार दिवसांचं काय?

या हिवाळ्यात बॅटी आणल्यात हे खरं. टँपा बेचा ब्रँडन लाउ, ज्याने गेल्या वर्षी 31 होमरन मारले, आणि रायन ओ'हर्न. कॉनर ग्रिफिन नावाचं एकोणीस वर्षांचं पोरगं दार ठोठावतंय. मॅनेजर डॉन केली पिट्सबर्गचाच. 71-91 वरून 82 म्हणजे अकरा सामन्यांची उडी. माझ्या मते होईल. पण मालक बॉब नटिंगचा हात खिशातून फार वेळ बाहेर राहत नाही. फुटबॉल आणि हॉकीत प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा आहे, बेसबॉलमध्ये नाही. त्यामुळे चांगली पोरं घडवायची आणि महाग झाली की द्यायची. कोल ह्यूस्टनला गेला, तिथून न्यूयॉर्कच्या यांकीजकडे, 32 कोटी 40 लाख डॉलरना. स्कीन्सचंही तेच होईल या धास्तीने मी त्याचा एकेक सामना बघतो.

सिनसिनाटीकर:
अण्णा, क्वेटोला अजून सोडलं नाहीत तुम्ही! तेरा वर्षं होत आली हो.

पण पैशाचं रडगाणं मला पटत नाही. मिलवॉकी तुमच्याच गटात आहे, पिट्सबर्गपेक्षा लहान बाजारपेठ, आणि 2025 ला 97 विजय, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. मर्यादा त्यांनाही नाहीच ना? आणि चिऊताई, 82 ला हसू नका. आम्ही गेल्या वर्षी 83 जिंकून प्लेऑफला गेलो. (तिथे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी धुतलं, तो भाग वेगळा.)

अण्णा_पेनहिल्स:
मिलवॉकीचं नाव काढलंस, तिथेच तर जळतं. त्यांच्याकडे पाहूनच मालकावर राग येतो. गावाच्या आकाराचं कारण सांगायला जागाच उरत नाही. गेल्या हंगामात मैदानावर लोक "संघ विका" म्हणून ओरडत होते, ते उगाच नाही. मी ओरडलो नाही. बायको शेजारी होती.

शॅडीसाइडची_चिऊ:
बापरे, एवढं महाभारत असेल असं वाटलं नव्हतं. मग पॅकेज घेऊ की नको? आणि कुठे बसायचं?

नॉर्थशोअर_निखिल:
पॅकेज नको. एप्रिलमध्ये नदीवरचा वारा हाडात जातो, निम्मी तिकिटं वाया जातील. सुटी तिकिटं घ्या. स्कीन्सचा दिवस साधारण दोन-तीन दिवस आधी कळतो, त्यावर नजर ठेवा. बसायचं थर्ड बेसच्या बाजूला, वरच्या मजल्यावर. स्वस्त पडतं, आणि समोर नदीपलीकडे अख्खं डाउनटाउन दिसतं. गाडी डाउनटाउनला लावून क्लेमेंटे पुलावरून चालत या. सामन्याच्या वेळी तो पूल वाहनांना बंद असतो. पाऊस असेल तर डाउनटाउन ते नॉर्थ साइड ट्राम फुकट आहे. मधल्या वेळेत पिएरोगीच्या (सारण भरलेल्या पोलिश करंज्या) वेशातली माणसं शर्यत लावतात, त्यावर नवऱ्याशी पैज लावा, स्कोअर कळला नाही तरी चालतं.

अण्णा_पेनहिल्स:
आणि बाहेरचं खाणं आत नेऊ देतात. नियम एकदा त्यांच्या साइटवर बघून घे, पण आम्ही वर्षानुवर्षं पोळीभाजीच्या गुंडाळ्या नेतो. लोणचं मात्र नेऊ नकोस, पुढच्या रांगेतल्याच्या पांढऱ्या जर्सीवर सांडतं.