जिथे आहोत तिथून व्हिसाचा अर्ज का करता येऊ नये?

वाटसरू:
पासपोर्ट एका देशाचा, जायचं दुसऱ्या देशात आणि सध्याचा मुक्काम तिसऱ्याच देशात. नोकरीचं छोटं कंत्राट, एखादा अभ्यासक्रम, मुलांकडे काही महिने राहायला जाणं, अशा कारणांनी हजारो लोक या स्थितीत असतात. तिथूनच पुढे आठ-पंधरा दिवस कुठे जायचं म्हटलं की वकिलातीतून उत्तर येतं, "तुम्ही इथले रहिवासी नाही, मायदेशी जाऊन अर्ज करा." माझं मत असं की जो माणूस एखाद्या देशात कायदेशीरपणे आहे, त्याचा व्हिजिटर व्हिसाचा अर्ज तिथल्या वकिलातीने घेतलाच पाहिजे. मुक्काम चार महिन्यांचा आहे की चार वर्षांचा, याने काय फरक पडतो?

हे न जमण्यासारखं नाही. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा कुठल्याही देशातल्या अर्ज केंद्रातून मागता येतो. कॅनडालाही अर्जदार त्या देशात रीतसर प्रवेश घेऊन आलेला असला की पुरतं. अमेरिकेने मात्र उलटी दिशा धरली. ६ सप्टेंबर २०२५ च्या सूचनेनुसार पर्यटक व्हिसासकट बहुतेक तात्पुरत्या व्हिसांची मुलाखत नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच घ्यायची. दुसरीकडे अर्ज केला तर व्हिसा मिळणं अवघड जाऊ शकतं आणि भरलेली फी परतही मिळत नाही, असंही त्यात म्हटलं आहे. याच अमेरिकेच्या भारतातल्या दूतावासाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की परदेशी जाणार असाल तर तिथे अपॉइंटमेंट मिळते का बघा, बँकॉकला भारतीयांसाठी जागा खुल्या केल्या आहेत. तेव्हा जे चाललं ते आता का चालू नये?

स्थिरपद:
२०२३ चा दाखला तुमच्याच विरोधात जातो. कोविडनंतर भारतात पहिल्या पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीसाठी दोन वर्षांहून अधिक प्रतीक्षा दिसत होती, म्हणून ती तात्पुरती वाट काढली होती. आणीबाणीतली सवलत हा कायमचा हक्क होत नाही.

मूळ मुद्दा पडताळणीचा आहे. व्हिजिटर व्हिसात अधिकाऱ्याला एकच गोष्ट ठरवायची असते: हा माणूस परत जाईल का? त्याचं उत्तर बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र, आयकराचे कागद, घरची जबाबदारी यांतून मिळतं. अर्जदाराच्या देशात नेमलेल्या अधिकाऱ्याने असे कागद रोज पाहिलेले असतात. पत्र खरं आहे की बनावट हे त्याला पटकन कळतं, शंका आली तर स्थानिक भाषेत फोन करणारा कर्मचारी शेजारी बसलेला असतो. भलत्याच देशातल्या अधिकाऱ्यापुढे तेच कागद ठेवले तर तो बिचकणार. मग एक तर नकार देणार, नाही तर फाइल चौकशीला पाठवणार. लोक ज्याला उशीर म्हणतात, त्यातला बराच भाग इथे तयार होतो.

रांगेचंही बघा. त्या शहरात कायम राहणाऱ्यांसाठी अपॉइंटमेंटचे ठरावीक स्लॉट असतात. बाहेरून आलेल्यांनी ते भरले, तर तिथला रहिवासी मागे जातो. त्याला तर दुसरीकडे जायची सोयही नसते.

शुभ्रा:
मला दोघांच्याही बोलण्यात पासपोर्टचा विचार दिसला नाही. आमच्या घरातल्या एका व्यक्तीने अशाच तिसऱ्या देशातून अर्ज केला होता. मुलाखत झाली, पासपोर्ट जमा झाला, आणि मग नुसतं "प्रक्रिया सुरू आहे" एवढंच दिसत राहिलं. तिच्या तिथल्या मुक्कामाची मुदत संपत आली होती. पासपोर्ट हातात नाही म्हणजे देश सोडता येत नाही आणि मुदत संपल्यावर थांबणं बेकायदा. ईमेलला ठरीव उत्तरं येत होती. शेवटी मुदतवाढीसाठी तिथल्या इमिग्रेशन ऑफिसात खेटे घालावे लागले आणि तिथेही पहिला प्रश्न, "पासपोर्ट कुठे आहे?" मायदेशात असती तर तीच दिरंगाई त्रासाची असती, पण डोक्यावर छप्पर असतं आणि कायदा मोडायची भीती नसती. म्हणून अर्ज घेण्याचा हक्क मागताना पासपोर्ट परत मिळण्याचा हक्क आधी मागा.

वाटसरू:
शुभ्राताई, हे पूर्णपणे मान्य, आणि यावर उपाय आहेत. कॅनडाच्या ऑनलाइन अर्जात सुरुवातीला पासपोर्टची स्कॅन केलेली प्रत लागते. मूळ पासपोर्ट मागवतात तो मंजुरीनंतर, व्हिसा चिकटवायला. मधल्या काळात माणूस मोकळा असतो. ब्रिटनच्या अनेक केंद्रांवरही जादा पैसे भरून पासपोर्ट स्वतःकडे ठेवता येतो. एक देश हे करू शकतो तर बाकीच्यांना काय अडचण आहे?

स्थिरपद, तुमचा पडताळणीचा मुद्दा कागदावरच्या अर्जांच्या काळात बरोबर होता. आज बोटांचे ठसे एका शहरात घेतात आणि निर्णय कितीतरी वेळा दुसऱ्याच देशात बसलेला अधिकारी देतो. ब्रिटन, कॅनडा दोघांचंही काम असं चालतं. नोकरीचं पत्र तपासायला फाइल मायदेशातल्या वकिलातीकडे पाठवणं काही मिनिटांचं काम आहे. अर्जदाराने मात्र विमानाचं तिकीट काढून, रजा टाकून स्वतः जायचं? माणसापेक्षा फाइल फिरवणं स्वस्त आहे.

स्थिरपद:
फाइल पाठवणं मिनिटांचं, पण ती उघडणार कोण? तिथल्या वकिलातीसमोर स्वतःचे अर्ज पडलेले असतातच. अमेरिकेसारख्या देशात तर बहुतेकांची समोरासमोर मुलाखत होते, तिथे निर्णय त्या खिडकीवरच्या अधिकाऱ्याचा असतो. दोन-चार मिनिटांत त्याला माणूस ओळखायचा असतो. तुम्ही सांगता ती व्यवस्था ऑनलाइन पद्धतीची आहे, ती सगळ्यांना लागू होत नाही.

उंबरठा:
ज्यांच्या देशात ती वकिलातच नाही, किंवा असूनही व्हिसाचं काम करत नाही, त्यांचं काय?
इराणी, अफगाण, रशियन नागरिकांना अमेरिकेच्या व्हिसासाठी परदेशीच जावं लागतं. २०२५ च्या त्याच सूचनेत त्यांच्यासाठी ठिकाणं नेमून दिली आहेत: इराणींना दुबई, अफगाणांना इस्लामाबाद, रशियनांना कझाकस्तानातलं अस्ताना किंवा पोलंडमधलं वॉर्सा. वॉर्साला जायला रशियन माणसाला आधी पोलंडमध्ये शिरण्याचा व्हिसा हवा. म्हणजे व्हिसा मागण्यासाठी व्हिसा. त्यात मुलाखतीनंतर चौकशी लांबली तर तिथे राहायचं कुठे आणि किती दिवस? "मायदेशी जाऊन अर्ज करा" हे वाक्य अशा माणसाला ऐकवून बघा.

स्थिरपद:
त्यांच्यासाठी वेगळी सोय हवीच, याबद्दल माझा वाद नाही. ज्याला मायदेशात अर्ज करता येतो पण तिथली रांग टाळायची आहे, त्याच्याबद्दल मी बोलतोय.

शुभ्रा:
या दोघांत रेघ कशी मारणार? शेंगेनच्या, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या, २००९ च्या व्हिसा संहितेतलं सहावं कलम मला यासाठी बरं वाटतं. नियम असा की अर्ज राहत्या देशात. पण कुणी तिथे रहिवासी नसून कायदेशीरपणे हजर असेल आणि इथूनच अर्ज का, याचं कारण देत असेल, तर वकिलातीने तो तपासून निर्णय द्यायचा. कारण मागा, पण दार सरसकट बंद करू नका.

मुदतीचंही तिथे लिहून ठेवलंय: १५ दिवसांत निर्णय, जास्त तपासणी लागली तर ४५ दिवसांपर्यंत. पण हे दिवस मोजायला लागतात ते ग्राह्य अर्ज दाखल झाल्यापासून. अपॉइंटमेंट एरवी दोन आठवड्यांत मिळावी असंही संहितेत आहे, आणि नेमकं तिथेच माणूस अडकतो. स्लॉटच दिसत नाहीत, एजंट मात्र "मिळवून देतो" म्हणतात. स्लॉट शोधण्यात गेलेला वेळ कुठल्याच आकड्यात धरला जात नाही. माझा खरा राग त्यावर आहे.

वाटसरू:
कारण मागायला माझी हरकत नाही. पण "माझं इथलं काम अजून संपलेलं नाही, मध्येच मायदेशी जाऊन येणं परवडणार नाही" हे पुरेसं कारण धरलं जाणार का? माझ्या मते धरायला हवं.

स्थिरपद:
मी धरणार नाही. प्रवास हौसेचा असेल तर तो पुढे ढकलता येतो. आजारी नातेवाईक, अंत्यविधी, कामाची बैठक असेल तर नक्की धरेन. आणि ज्यांनी तरीही तिसऱ्या देशातून अर्ज करायचं ठरवलंय त्यांनी निदान तिथल्या मुक्कामाची मुदत बघून अर्ज करावा. १५ दिवसांचं आश्वासन असलं तरी ४५ धरूनच चालावं. पासपोर्ट प्रक्रियेच्या मधेच परत मागता येतो का आणि त्याने अर्ज मागे घेतल्यासारखं होतं का, हे त्या वकिलातीला आधी लेखी विचारावं.

उंबरठा:
कामाची बैठक चालते आणि आजीला शेवटचं भेटणं "हौस" ठरू शकतं, हे कोण ठरवणार? आजी आजारी असल्याचा कागद प्रत्येकाकडे नसतो.